शुगर-फ्री च्युइंगगम गोड लागतं, मग दात किडत नाहीत का?

प्रश्न: जेवण झालं की मी च्युइंगगम चघळते, शुगर-फ्रीच घेते. पण पाकिटावर सॉर्बिटॉल, झायलिटॉल, ॲस्पार्टेम असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं दातांना चांगलं कुठलं? आणि झायलिटॉलने कीड बरी होते म्हणतात, ते खरंय का?

उत्तर: गोड लागलं म्हणजे दात किडलाच असं नसतं हो. ही तिन्ही नावं साखरेऐवजी गोडीसाठी घातलेल्या पदार्थांची आहेत. दात खराब होतो तो ॲसिडने. तोंडातले जंतू, त्यातही स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा, साखर खाऊन ॲसिड सोडतात आणि तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम सुटायला लागतं. झायलिटॉलपासून या जंतूंना ॲसिड बनवताच येत नाही. सॉर्बिटॉल जमतं थोडंफार, पण इतकं सावकाश की फारसं बिघडत नाही. ॲस्पार्टेमचंही ॲसिड होत नाही, फक्त फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असेल त्यांनी ते टाळायचं.

झायलिटॉलचं नाव झालं ते फिनलंडच्या तुर्कूमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांमुळे, आणि तेव्हापासून त्याला जरा जास्तच डोक्यावर घेतलंय असं माझं मत. खरं काम बरंचसं लाळच करते. चघळायला लागलं की लाळ कितीतरी पटीने वाढते, तिच्यातलं बायकार्बोनेट ॲसिड मारतं आणि कॅल्शियम-फॉस्फेट इनॅमलला परत मिळतं, म्हणून जेवणानंतर लगेच २० मिनिटं चघळा, संध्याकाळी कधीतरी आठवण झाली म्हणून नको. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत झायलिटॉल पहिलं असेल तर उत्तमच, शेवटी कुठेतरी असेल तर ते नावापुरतं.

पण खड्डा पडला असेल तर तो कुठल्याच गमने भरत नाही, त्याला डेंटिस्टच लागतो. ब्रश आणि फ्लॉसही सुटत नाहीत, दातांच्या फटीत गम कुठे पोचतंय! आंबट फळांच्या फ्लेवरचं मात्र नीट वाचून घ्या, त्यात बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड असतं, म्हणजे साखर काढली आणि ॲसिड आपणच घातलं. जबडा दुखत असेल, कट्कट् वाजत असेल तर गम बंदच ठेवा. आणि दिवसभर एकामागून एक चघळत बसलात तर पोट बिघडेल, सॉर्बिटॉलने जुलाब होतात.

घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा. झायलिटॉल थोडंसं जरी पोटात गेलं तरी त्याची रक्तातली साखर एकदम घसरते, तेव्हा वाट न बघता लगेच व्हेटकडे न्या.