मिसळीचा कट जमवायचा तर

पहिल्यांदाच घरी कोल्हापुरी मिसळ करताय ना, मग सगळं लक्ष कटावर ठेवा. मटकीचं फार अवघड नसतं. रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणा, हळद-मीठ घालून बोटचेपी शिजवा. कुकरला शिट्ट्या जास्त झाल्या की तिचा लगदा होतो, तेव्हा पातेलंच बरं.

कटासाठी कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजा. खोबरं तांबूस, खमंग हवं. करपलं तर कट कडू झालाच म्हणून समजा. आलं-लसूण घालून वाटण गंधासारखं बारीक वाटा आणि सढळ तेलात, कडेनं तेल सुटेपर्यंत परता. माझी आजी या वेळी पातेल्यापासून हलायची नाही. आम्हा पोरांना ती अंगणात पिटाळायची, तरी खाटानं तिथपर्यंत ठसका लागायचा! कांदा-लसूण चटणी आच मंद करूनच घाला, नाहीतर जळते. पाणी मात्र उकळतंच ओता, म्हणजे लाल तवंग छान वर येतो.

कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात. आमचे वडील पावाला हातसुद्धा लावत नसत. फरसाण अगदी खायला बसतानाच घाला, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. जादा कट गरम ठेवा, तो हमखास मागितला जातो. कुणाला तिखट सोसत नसेल तर कटात पाणी वाढवू नका. त्यांच्या ताटलीत मटकी जास्त घाला, सोबत वाटीभर दही द्या.