हेल्मेट घ्या, पण सगळी भिस्त त्यावर नको

ताई, मुलगा अकरा वर्षांचा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आइस हॉकी खेळतो, शनिवारी बोर्डवर, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीवर, डोकं आपटलं, आता 'बरा आहे' म्हणतो. कुठलं महागातलं हेल्मेट घेऊ आणि गुरुवारी प्रॅक्टिसला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

गुरुवारी पाठवू नका. सहा हंगाम मी बेंचवर ट्रेनर म्हणून उभा होतो. 'बरा आहे' हे वाक्य माझ्याच मुलानं मला तीन दिवस ऐकवलं, कारण रविवारी फायनल होती. चौथ्या दिवशी गणितं सोडवताना कपाळ धरून बसला, तेव्हा कळलं. आइस हॉकीचा मोठा स्टार सिडनी क्रॉस्बीचंही आठवा: 1 जानेवारी 2011 ला डोक्याला मार, तरी 5 तारखेला पुन्हा बर्फावर, पुन्हा धडक, आणि मग थेट नोव्हेंबरमध्ये परतला. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही रग्बी खेळणारी सतरा वर्षांची मुलगी. 2013 मध्ये काही दिवसांतच डोक्याला लागोपाठ मार बसले आणि ती गेली. तिच्याच नावाचा कायदा ओंटारिओत आहे. त्यानुसार कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागल्याचा, नुसता संशय असला तरी मूल खेळातून बाहेर, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरनं (तपासणी-उपचाराचा अधिकार असलेल्या नर्सनं) तपासून हो म्हटल्यावरच परत.

हेल्मेटचं म्हणाल तर नारळ हलवून बघा. करवंटी शाबूत राहते, आतलं पाणी हिंदकळायचं ते हिंदकळतंच. हेल्मेट कवटी वाचवतं, कन्कशन थांबवेलच असं नाही. तरी मापाचं हवं: भुवईच्या वर एक बोट, पट्टा हनुवटीला टेकलेला, मान झटकली तर हलता कामा नये. 'मोठा होईल' म्हणून सैल घेणं ही आपली खास सवय, ती इथे नको.

खरं काम बर्फावरच असतं. 2013 पासून कॅनडात या वयाला बॉडीचेकिंग (समोरच्याला अंगानं मुद्दाम धडक देणं) बंद आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो; पण पोरं पकच्या (बर्फावर सरकणाऱ्या रबरी चकतीच्या) मागे खाली मान घालून सरळ बोर्डवर जातात. बोर्डकडे तिरकं जायचं, डोकं वर, पडतोय असं वाटलं तर हात पुढे. डोकं खाली घालून आपटलं तर मानेचा मणका जाऊ शकतो. कोचला सांगा, दर प्रॅक्टिसला पाच मिनिटं एवढंच करून घ्या.

शनिवारनंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, पेंगुळल्यासारखं होणं यातलं काही झालं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. झालं असेल तर उत्तराची वाट बघू नका, आत्ताच इमर्जन्सीत न्या.