अ‍ॅडलेडहून मेलबर्नला गाडीने जाताना किंग्स्टनची ‘बिग लॉब्स्टर’ (शेवंडीचा अवाढव्य पुतळा) पाहायला थांबावं का?

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार असाल तर जरूर थांबा. आतल्या हायवेने जाणार असाल तर फक्त तिच्यासाठी वाट वाकडी करू नका.

किंग्स्टन हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मासेमारीचं छोटं गाव, अ‍ॅडलेडपासून साधारण ३०० किलोमीटरवर. प्रिन्सेस हायवेला लागूनच ही १७ मीटर उंच शेवंड उभी आहे, म्हणजे पाचमजली इमारतीएवढी. १९७९ पासून आहे. आत लोखंडी सांगाडा, वरून फायबरग्लास. गावकरी तिला ‘लॅरी’ म्हणतात.

लांबून थोडी हास्यास्पदच वाटते, खरं सांगायचं तर. पण अगदी पायांशी जाऊन वर बघा: काटेरी पाठ, लांबलचक मिशा. अमेरिकन लॉब्स्टरसारख्या जाडजूड नांग्या मात्र शोधू नका, इथल्या जातीला त्या नसतातच. कोकणात शेवंड पाहिलेल्याला ओळख लगेच पटेल. फोटोत माणूस उभा करा, नाहीतर आकार कळत नाही.

पुतळ्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मग गावातलं केप जाफाचं जुनं दीपगृह बघा. १८७२ मध्ये ते समुद्रातल्या खडकावर उभारलं होतं, नंतर सुटं करून इथे आणून पुन्हा जोडलं. मला तर तेच जास्त आवडलं.

खरी शेवंड खायची असेल तर ऑक्टोबर ते मे या मुख्य हंगामात जा. स्वस्त नसते, भाव आधी विचारा. मुक्कामाला पुढचं रोब गाव बरं.