पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे गोळ्या गुणकारी?

प्रश्न: समजा, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १८ टक्के कमी आढळला. आकडे असे: धोका गोळ्या न घेणाऱ्यांच्या ०.८२ पट (अंदाजाचा पल्ला ०.६८ ते ०.९८), पी-व्हॅल्यू ०.०३. म्हणजे गोळ्यांचा उपयोग होतो याची ९७ टक्के खात्री झाली ना?

उत्तर: नाही. गोळ्यांचा आणि मृत्यूचा काही संबंधच नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच ०.०३ सांगतं. शिवाय हा आकडा फक्त योगायोगाचा हिशोब ठेवतो. तुलनाच मुळात एकीकडे झुकलेली असेल, तर त्याला ते कळत नाही. माणसं लाखभर घेतली की पी-व्हॅल्यू आणखी लहान होते आणि चुकीचं उत्तरच अधिक ठाम दिसू लागतं.

झुकाव बहुतेकदा माणसांच्या निवडीतून येतो. नेमाने गोळ्या घेणारे सहसा व्यायामही करतात, तपासण्याही वेळेवर करून घेतात. संशोधक वय, धूम्रपान वगैरेंचा फरक गणिताने काढून टाकतात खरा, पण नोंदलं असेल तेवढाच. धूम्रपानाच्या रकान्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल, तर दिवसाला २ सिगारेटी ओढणारा आणि २० ओढणारा सारखेच ठरतात, आणि उरलेला फरक गोळीच्या खात्यात जमा होतो. कधी क्रमच उलटा असतो: तब्येत ढासळली म्हणून सवय सुटते आणि सवय सुटल्याने तब्येत ढासळली असं भासतं.

बीटा-कॅरोटीनचं, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतल्या, शरीरात व्हिटॅमिन ए बनणाऱ्या द्रव्याचं, हेच झालं. आहारातून ते जास्त घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटून गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के जास्त!

‘१८ टक्के कमी’ वाचलं की आधी विचारा, कितीतून कमी? दहा वर्षांत हजारी १० मृत्यू होत असतील, तर ते साधारण ८ होतील.

प्रश्न: आणि पी ०.०८ आली तर परिणाम नाही असं समजायचं?

उत्तर: तेही नाही. कंसातला पल्ला पाहा. ०.७९ (०.६० ते १.०३) म्हणजे धोका ४० टक्के घटण्यापासून ३ टक्के वाढण्यापर्यंत काहीही या आकड्यांत बसतं. अभ्यास बहुधा लहान पडला.