डेव्हिअन्सी म्हणजे विकृती नव्हे

‘डेव्हिअन्सी’ला मराठीत ‘विकृती’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. नाही, म्हणू नये. बातम्यांत आणि चर्चांत ‘विकृती’ हा शब्द इतका सरसकट फेकला जातो की चीड येते. समाजशास्त्रात ‘विचलन’ म्हणतात, म्हणजे समाजाच्या नियमापासून ढळलेले वर्तन. त्यात गुन्हा येतो, तसा निरुपद्रवी विक्षिप्तपणाही येतो. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये मांडले की विचलन हा कृतीचा अंगचा गुण नसतो, समाज शिक्का मारतो तेव्हा ती कृती तशी ठरते. ‘विकृती’ लिहिणारा तो शिक्का आधीच मारून मोकळा होतो.

‘डेव्हिअन्सी’तला ‘व्हिया’ लॅटिनमधला, म्हणजे रस्ता. रस्ता सोडणे, एवढाच मूळ अर्थ. आणि नेमक्या याच अर्थाचा आपला शब्द आपण बदनाम करून ठेवला आहे: व्यभिचार! वि, अभि आणि चर्, म्हणजे चालणे. न्यायशास्त्रातला, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातला, ‘सव्यभिचार’ हेतू पाहा; हेतू म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारण. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे’ हे अनुमान टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आग धुराची साथ सोडते, म्हणून हा हेतू व्यभिचारी. भरतमुनीने नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे येत-जात राहणाऱ्या अवस्था, सांगितले, त्यांत चिंता आहे, निद्राही आहे. झोपेत कसले आले पाप? गीतेच्या तेराव्या अध्यायातली ‘अव्यभिचारिणी’ भक्ती म्हणजे न ढळणारी.

यावर काही पंडित सांगतात की मूळ अर्थ परस्त्री-परपुरुषाचाच, तार्किकांनी तो रूपक म्हणून उचलला. हे मला मुळीच पटत नाही. धातू चालण्याचा, उपसर्ग दिशेचे. यात नवरा-बायको आले कुठून? आचार, संचार, विचार ही सगळी ‘चर्’चीच भावंडे. आचार ही वाटेवरची चाल, व्यभिचार ही वाट सुटलेली. नीतीचा अर्थ त्यावर मागाहून चढला, असे माझे ठाम मत आहे.

खुद्द ‘विकृती’ही मुळात मलिन नाही. वेदपठणात जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन या आठ पाठांना अष्टविकृती म्हणतात. पदांचा क्रम उलटसुलट फिरवून म्हणायचा, तो मूळ पाठातले अक्षरही हलू नये म्हणून. घनपाठी म्हणून ज्यांना मान मिळतो, त्यांनी यांतली सर्वांत अवघड विकृती साधलेली असते.