वडिलांविषयी खरे लिहिताना

आपण विचारले आहे की स्वतःच्या घराविषयी लिहायला बसले की प्रेरणा मिळत नाही आणि लिहिलेले वाचले की खोटे वाटते, तर काय करावे. प्रेरणेविषयी माझे मत स्पष्ट आहे: तिची वाट पाहणे हा लिहिणे टाळण्याचा सभ्य प्रकार आहे. खोटे का वाटते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो माझ्या घरात आजही मिटलेला नाही.

माझे वडील, नाना, लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे २.५ लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, त्यांत तेही होते. ते वारल्यानंतर एका दिवाळी अंकासाठी मी त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात भोंगा होता, चाळ होती, लाल बावटा होता आणि ‘नानांनी अखेरपर्यंत मान तुकवली नाही’ असे एक वाक्य होते, ज्याचा मला फार अभिमान वाटत होता. पाठवण्यापूर्वी तो लेख मी आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “हे कुणाचे नाना?”

नानांनी मान तुकवली होती. संपाचे दुसरे वर्ष सरत आले तेव्हा, गावाकडून येणारे धान्य थांबल्यावर आणि आईच्या पाटल्या मोडून झाल्यावर, ते भल्या पहाटे घराबाहेर पडू लागले. भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली मिळाली आहे, असे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले होते. भाकरी ते फडक्यात बांधून नेत, कारण हातात डबा दिसला असता तर चाळीला सारे कळले असते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. एका रात्री जाग आली तेव्हा नाना मोरीपाशी मान खाली घालून बसले होते आणि आई फणीने त्यांच्या केसांतून कापसाचे तंतू काढत होती. दोघेही बोलत नव्हते. भाजीबाजारात डोक्याला कापूस लागत नाही, एवढे मला त्या वयातही समजत होते.

हे सारे ठाऊक असूनही पहिल्या लेखात त्यातले काहीच आले नव्हते, कारण मी नानांविषयी लिहीत नसून गिरणगावाविषयी लोकांना जे ऐकायला आवडते ते लिहीत होतो. दुसऱ्या वेळी मी केवळ ती फणी आणि ते तंतू लिहायचे ठरवले आणि दोन रात्रींत लेख पूर्ण झाला. म्हणून आपणही आयुष्याचा सारांश न लिहिता, जी गोष्ट सांगताना आवाज खाली जातो तिथून आरंभ करावा, आणि त्या वेळी घरात असलेल्या माणसाला लेख वाचून दाखवावा. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीचा तापटपणा जितक्या मोकळेपणाने लिहिला, तितक्याच मोकळेपणाने स्वतःचे सोवळेओवळेही लिहिले; त्यांचे लेखन खरे वाटते ते त्यामुळे.

माझ्या थोरल्या भावाला हे मान्य नाही. “मेलेल्या बापाला तू फितूर ठरवलेस,” असे तो म्हणाला. तो स्वतः त्या दिवसांत गिरणीच्या दारावर घोषणा देत होता, म्हणून त्याचे दुःख मला कळते. परंतु फितूर हा शब्द त्याचा आहे, माझ्या लेखात तो कुठेही नाही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो घरांतल्या माणसांना कामावर कधी परतायचे हे एकट्याने ठरवावे लागले. दादाच्या कॉलेजची फी त्याच चोरून मिळवलेल्या पगारातून भरली गेली. हे लपवले तर नानांनी सोसलेली सर्वांत मोठी गोष्ट पुसली जाते, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ज्यांच्याविषयी लिहायचे ते हयात असतील आणि लिखाणामुळे त्यांची नोकरी, संसार किंवा जीव धोक्यात येणार असेल, तर लिहून ठेवावे, पण छापू नये. मी आईची परवानगी घेतली होती. दादाला मात्र विचारले नाही. त्याने तो लेख चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पाहिला, आणि ती चूक माझी होती.