कुत्रीला म्युनिकला न्यायचं का?

तुमचा प्रश्न तसा सरळ आहे. नवऱ्याची म्युनिकची नोकरी पक्की झालीय, मुलगा तिसरीत आहे, घरात सात वर्षांची लॅब्राडोर आहे. तिला न्यावं की तुमच्या आईकडे ठेवावं, आणि तिथले नियम म्हणे फार जाचक, ते खरं का? एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण आमचा कुत्रा बंड्या आत्ता टेबलाखाली घोरतोय आणि हाच प्रश्न गेलं वर्षभर आमच्या इथल्या, जर्मनीतल्या घरात उलट्या दिशेने फिरतोय, त्यामुळे जरा लांबेल.

चिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची), रेबीजची लस, रक्ततपासणी, सरकारी पशुवैद्याचा दाखला ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल. लोक अडकतात ते क्रमात. आधी चिप, मग लस. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस युरोपीय महासंघाच्या लेखी टोचलेलीच नाही, मग पुस्तकात सात वर्षांचे शिक्के का असेनात. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेले. आमच्या डॉक्टरांनी चिप आणि लस एकाच दिवशी केली आणि पुस्तकात चिपची तारीख दुसऱ्या दिवशीची घातली. ‘एका दिवसाने काय होतंय ताई’, म्हणाले. काय होतंय? सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवरा पुढे गेला, मी आणि लेक सामान बांधून दिवस मोजत बसलो. आणखी एक सांगते, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. कुत्रा आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर कुत्रा घरचा प्राणी राहत नाही, व्यापारी माल ठरतो आणि कागद वेगळेच लागतात. तुमचे यजमान आधी जाणार असतील तर कुत्री कागदोपत्री तुमच्या नावावर ठेवा.

आता नियम. जाचक नाहीत हो. उलट नवख्या माणसाला बरं वाटतं, कारण काय करायचं ते लिहिलेलं असतं. कुत्र्याचा कर असतो, हुंडेश्टॉयर. म्युनिकमध्ये वर्षाला १०० युरो, बर्लिनमध्ये १२०, प्रत्येक गावाचा आपापला. या पैशातून कुत्र्यांसाठी काही होतं असं समजू नका, ते सरळ पालिकेच्या तिजोरीत जातात. विमा म्युनिकमध्ये साध्या कुत्र्यासाठी सक्तीचा नाही, बर्लिनमध्ये आहे. पण इथल्या दिवाणी कायद्याचं कलम ८३३ म्हणतं की पाळलेल्या कुत्र्याने केलेल्या नुकसानीला मालक जबाबदार, तुमची चूक असो वा नसो. तुमची लॅब्राडोर लाडाने एखाद्या सायकलवाल्याच्या अंगावर गेली आणि त्याचं हाड मोडलं, की बिल तुमच्या दारात. वर्षाचा हप्ता कुरकुर न करता भरा. डॉक्टरांचे दर सरकारी कोष्टकाप्रमाणे असतात. २०२२च्या नोव्हेंबरात ते वाढले, नुसत्या तपासणीचे किमान २३ युरो ६२ सेंट अधिक कर, आणि रात्री किंवा रविवारी नेलं तर दुपटीपासून चौपटीपर्यंत, वर ५० युरो वेगळे. काट्यांचा पट्टा वापरून शिकवायला बंदी आहे. लहान मुलांच्या खेळाच्या जागेत कुत्रा न्यायचा नाही. शी उचलायचीच, त्यासाठी बऱ्याच बागांपाशी पिशव्यांचे खांब असतात. मेट्रोत तुमच्याबरोबर एक कुत्रा फुकट, लांबच्या रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं तिकीट आणि तोंडाला जाळी. हॉटेलात मात्र तुमच्या आधी तिच्यासाठी पाण्याचं भांडं येईल.

घर शोधताना कुत्री लपवू नका. भाडेकरारात सरसकट ‘कुत्रा-मांजर चालणार नाही’ असं लिहिलेलं टिकत नाही, असा इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल आहे. पण एका घरामागे शंभर अर्ज असताना निकाल दाखवून घर मिळत नाही. आम्ही अर्जाला बंड्याचा फोटो जोडला होता. घरमालकीणबाईंनी पगाराच्या कागदांआधी त्याबद्दल विचारलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा तिसरीत म्हटलंत म्हणून सांगते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे उत्तम. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, ही मधली, त्यापुढे मिटेलशूल, कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी. मे महिन्याच्या सुरुवातीला तो कागद हातात येतो. माझ्या लेकीला गणितात १, परिसरमध्ये ३ आणि जर्मनमध्ये ४ होते. सरासरी २.६६. इथे येऊन तिला दोन वर्षंही झाली नव्हती. बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी मराठी बोलता ते बंद करा, मुलीचा गोंधळ होतो.

त्याच महिन्यात आम्ही बंड्याला कुत्र्यांच्या शाळेत घातला होता. इथे कुत्र्यांना शिकवणाऱ्यालाही सरकारी परवाना लागतो, कोणीही उठून वर्ग काढू शकत नाही. बंड्याला मराठीच कळायचं. मी ओशाळून विचारलं, आता याला जर्मनमधून शिकवायचं का? तिथली शिकवणारी बाई म्हणाली, कशाला? कुठल्याही भाषेत सांगा, फक्त रोज तेच सांगा आणि घरात सगळ्यांनी तसंच सांगा. पुढच्या शनिवारी तिने स्वतः ‘थांब’ म्हणायचा सराव केला. माझी लेक तिचा ‘थ’ सुधारत होती आणि ती निमूट पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. थंडी आहे म्हणाले.

नंतर कळलं की ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जो पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हता, त्याला गिम्नाझियमसाठीही ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते, जर्मनमधली कमतरता भरून निघेल असं शाळेला वाटलं तर. आम्हाला हे शाळेत कोणी सांगितलं नाही. लेक रेआलशूलमध्ये रमली, तिला त्याचं काही नाही. मला आहे. तुमच्या मुलासाठी हा आकडा लिहून ठेवा आणि पहिल्याच पालकसभेत तोंडाने विचारा.

एकटेपणाचं लोक उगाच फार करतात. सवय होते. कुत्रा असला की दिवसातून तीनदा बाहेर पडावंच लागतं, माणसं दिसतात. नदीकाठी मला रोज भेटणाऱ्या पाच-सहा बायका आहेत. त्यांना बंड्याचं वय, त्याचं पोट, त्याला कुठलं बिस्किट चालत नाही, सगळं पाठ आहे. माझं नाव त्यांतल्या एकीलाही माहीत नाही. मी ‘बांडियाची बाई’. मलाही त्यांच्या कुत्र्यांचीच नावं येतात, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेल्या बाईला पहिली दोन वर्षं दुसरं कोणी हाक मारणारं नसतं, एवढं जाणून या.

आता उलट्या दिशेचं. आम्ही तीन वर्षांसाठी आलो होतो, सात झाली. वडिलांना आता एकट्याने जमत नाही. भाऊ फोनवर म्हणतो, ये परत. बंड्या बारा वर्षांचा आहे, हृदय मोठं झालंय, आणि डॉक्टर म्हणतात विमानाच्या पोटात नऊ तास नको. भावाने परवा सरळ विचारलं, कुत्र्यासाठी थांबलीयस का? हो म्हणाले. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. बंड्या नसता तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि ते भावाला सांगता आलं नसतं.

म्हणून तुम्हाला एवढंच विचारते. जाताना तिचं वय सात हे सगळे बघतात, परतताना किती असेल ते कोणी मोजत नाही. कराराप्रमाणे दोन-तीन वर्षांत परत येणं खरोखर तुमच्या हातात असेल आणि आईंना तिला दोन्ही वेळ फिरवणं झेपत असेल, तर आईंकडे ठेवा. परतायचं नक्की नसेल, आणि मला वाटतं नसणारच, तर घेऊन या. फक्त लसीचं पुस्तक आज रात्रीच काढून तारखा बघा.